रावणाची मिशी

कासू स्टेशनच्या फलाटावर सीताबाई पिशवी घेऊन उभी राहिली, आणि सोडायला आलेल्या बायकांना हसू आवरेना.

"सीताबाय लंकेला चालली गो!" धोंडुबाई मोठ्यानं म्हणाली. "या टायमाला कोनी पलवली पन नाय. आपल्या पायानं चालली."

"मंग परत आनायला कोन जानार?"

"नाथा जाईल की! मारुती तोच ना?"

नाथा तिथंच उभा होता. सीताबाईची पिशवी त्यानंच स्टेशनापर्यंत आणली होती. एरवी तो सगळ्यांच्या आधी हसला असता. आज तो खालच्या आवाजात म्हणाला, "वयनी, एकदा बघू दे ना."

सीताबाईनं कमरेची चंची उघडून लांबूनच दाखवली. बकरीच्या काळ्या केसांची, दोन्ही टोकं वर वळलेली, कानामागं बांधायला दोरा असलेली मिशी. नाथानं हात पुढं केला तशी तिनं चंची मिटली.

"हात नाय लावायचा, भावजी. त्यांनी सांगितलंय."

'त्यांनी' म्हणजे पुंडलिकानं, तिच्या नवऱ्यानं. त्यांच्या गावात हनुमान जयंतीला रामायणाची सोंगं निघत. पुंडलिक रावण व्हायचा आणि नाथा मारुती. रावणाच्या घरात सीता सुखानं नांदते ती फक्त आपल्याच गावात, असं लोक म्हणत, आणि ते तिघंही त्यावर हसत. एरवी पुंडलिक आणि नाथा एकाच मिठागरावर राबायचे. पण सोंगाच्या दिवशी नाथाच्या अंगात काय यायचं कोण जाणे. लढाई रंगात आली की तो झेप घेऊन रावणाची मिशीच उपटायचा. दोरा तुटायचा. लंकेचा राजा एका हातानं तोंड झाकून मरायचा, आणि माणसं हसून लोळायची. पुंडलिक मग कितीतरी दिवस मिठागरावर नाथाशी बोलायचा नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात पोपट नावाचा कारागीर होता, त्याच्याकडून मिशी दुरुस्त करून आणायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

शेवटच्या दुखण्यात तो बायकोला म्हणाला, "मी गेल्यावर मिशी नाथाला देऊ नको. लंकेत नेऊन ठेव. तिथं तरी तिला कोन हात लावनार नाय."

म्हणताना तो हसत होता, म्हणून तिला ती थट्टा वाटली. पण 'व्हय' म्हणेपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नाही. थट्टा की खरं, हे विचारायला आता तो नव्हता. दिलेला शब्द तेवढा मागं राहिला होता.

तिचा मुलगा धाटावच्या कंपनीत होता. त्याच्याबरोबर शिफ्टला असणाऱ्या एकाची आई, रोह्याची गिरजाबाई, लंकेच्या रामायण यात्रेला निघाली होती. मुलानं आईचंही नाव घातलं. यात्रा नेणारा कमळाकर पेणचाच, सगळ्या बायकांना मावशी म्हणणारा.

लंकेत पहिल्यांदा अशोकवन दाखवलं. तिथं सीतेचं देऊळ होतं. सीतेच्या पुढ्यात रावणाची मिशी कशी ठेवायची? सीताबाईनं चंची उघडलीच नाही. पुढं कुठं रावणाची गुहा दाखवली, कुठं त्याचं विमान उतरायची जागा. पण गुहेत वटवाघळं होती, आणि विमानाच्या जागेवर चहाचे मळे.

"कमलाकर, रावनाचं घर कुटं हाय?" ती रोज विचारायची.

"थांबा हो मावशी. शेवटी अनुराधापूर आहे ना! लंकेची जुनी राजधानी. केवढी तरी मोठी."

राजधानी म्हणजे राजाची, आणि लंकेचा राजा म्हणजे कोण, हे काय कुणी सांगायला हवं? सीताबाई निर्धास्त झाली.

अनुराधापूरला बस थांबली ती दगडी खांबांच्या रानाशी. खांबच खांब, वर छप्पर नाही, भोवती कुंपण, आणि खांबांवर माकडं बसलेली. तिथला गाइड तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. तो म्हणाला, "इथं भिक्षूंसाठी राजानं मोठा प्रासाद बांधला होता. किती मजले, वर तांब्याची कौलं. पण जळून गेला."

"कोनी जालला?" सीताबाईनं चटकन विचारलं.

"दिव्यानं आग लागली, असं सांगतात."

"शेपटीला बांधलेला असेल दिवा!" गिरजाबाई म्हणाली आणि सगळी बस हसली.

सीताबाई हसली नाही. तिला खूणच पटली होती. सोन्याची नाही तर तांब्याची, पण जळलेली लंका हीच. माकडंही होती. "म्हंजे रावनाचा वाडा हाच," ती म्हणाली.

गाइड गोंधळला. "रावण? नाही अम्मा. हे बुद्धाचं पवित्र शहर. बुद्धाच्या धर्माचे राजे इथं होऊन गेले."

"मंग रावन कुटं ऱ्हायचा?"

गाइडनं कमळाकरकडं पाहिलं. कमळाकरनं मान खाजवली. "तो काय मावशी... राजा माणूस. सगळीकडंच राहायचा."

"सगलीकडं ऱ्हायचा तर एक तरी घर दाव ना! उद्या इमान हाय आपलं."

कमळाकर बाकीच्यांना घेऊन चालू लागला.

पुढं चपला काढायला लावल्या, टोप्या काढायला लावल्या. झाडं संपली, आणि सीताबाई वाटेतच उभी राहिली.

समोर मिठाची रास होती.

मिठागरावर वाफ्यांतलं मीठ ओढून बांधावर त्याची गोल रास घालतात. खाली रुंद, वर निमुळती, उन्हात बघवत नाही इतकी पांढरी. तशीच ही, फक्त आभाळाला टेकलेली. अशी रास घालायला किती पुंडलिक आणि किती नाथा लागले असतील, असं तिच्या मनात आलं.

"स्तूप," गाइड म्हणाला. "आत बुद्धाच्या अस्थी आहेत."

"दार कुठाय?" गिरजाबाईनं विचारलं.

"दार नाही. आत कुणी जात नाही. भोवती फिरायचं."

हात जोडायचे तर कुणाकडं बघून? सीताबाईला मुखडा दिसेना. पेणचा गणपती कसा, समोर उभं राहिलं की डोळ्यांत बघतो. इथं समोर म्हणजे कुठं हेच कळेना. ती फिरत राहिली. भिंतीत दगडी हत्ती खांद्याला खांदा लावून उभे होते. ते संपतच नव्हते. चारी बाजूंना फुलं वाहायचे ओटे, चारही सारखेच. आपण कुठून निघालो तेही तिला समजेना. माणसं पांढऱ्या कपड्यांत, आणि इतकी शांत, की राक्षसांचा मुलूख म्हणायची तिलाच लाज वाटू लागली.

एका ओट्यापाशी पांढरी साडी नेसलेली म्हातारी कमळाच्या कळीची एकेक पाकळी हळूच मागं दुमडत होती. तिनं सीताबाईला बघितलं आणि एक कमळ तिच्या हातात दिलं. सीताबाईला राहवलं नाही. तिनं चंची उघडून मिशी दाखवली.

म्हातारीनं आपल्या ओठावर बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या: मालक?

सीताबाईनं मान डोलावली, मग आभाळाकडं बोट केलं.

म्हातारीनं फुलं बाजूला सारून ओट्यावर जागा केली. सीताबाईनं मिशी ठेवली. क्षणभर सगळं झालंसं वाटलं. तेवढ्यात टोपली घेतलेला एक माणूस आला. तो ओट्याच्या टोकापासून सुकलेली फुलं ओढून टोपलीत भरू लागला. सीताबाईनं झडप घालून मिशी उचलली.

म्हातारी तिच्याकडं बघून काहीतरी सांगू लागली, लहान पोराला सांगावं तसं, सावकाश. फुलांकडं बोट, टोपलीकडं बोट, मग स्वतःच्या छातीकडं. सगळं असंच जायचं, असं म्हणत असावी. किंवा मिशी इथं चालत नाही, असंही असेल. सीताबाईला समजलं नाही. तिनं नुसतं कमळ ठेवलं, हात जोडले, आणि मिशी मुठीत घेऊन परतली.

बसचा हॉर्न वाजत होता. "चला मावशी!" कमळाकर ओरडत होता. सीताबाई खांबांच्या कुंपणाशी येऊन थांबली. वाडा रावणाचा नाही. रासेला दार नाही. आता मिशी परत न्यायची, आणि नाथा मागेल तेव्हा काय सांगायचं? ती मूठ उघडून बघत राहिली.

कुंपणावरून एक हात आला आणि मिशी गेली.

"नाथाभावजी, सोडा!" सीताबाई किंचाळली.

सोडायला तो नाथा नव्हता. माकड मिशी घेऊन दोन उड्यांत खांबाच्या माथ्यावर जाऊन बसलं होतं. बसमधली माणसं खाली उतरली. गिरजाबाईनं चप्पल उगारली. सीताबाईनं तिचा हात धरला.

कारण माकड मिशी तोडत नव्हतं. त्यानं ती मांडीवर ठेवली होती आणि केस बाजूला करकरून, अगदी मन लावून, ते उवा बघत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काही सापडलं नाही तेव्हा त्यानं मिशी खांबाच्या डोक्यावर ठेवली आणि आपल्या माणसांत निघून गेलं.

"रखवालदाराला बोलावतो," गाइड म्हणाला. "काठीनं काढून देईल. काढू ना, अम्मा?"

सीताबाई वर बघत राहिली. पुंडलिक म्हणाला होता, तिथं कोणी हात लावणार नाही. लावला तर होता, तोही माकडानं. पण असा हात घरी कुणी लावला नव्हता. पुंडलिकाला हे चाललं असतं? रागावला असता की हसला असता? आयुष्यभर त्याच्याजवळ राहूनही तिला ठरवता येईना.

"ऱ्हाऊ दे," ती शेवटी म्हणाली.

बस सुटल्यावर तिनं कमळाकरचा मोबाइल मागून नाथाला फोन लावायला सांगितला.

"ठेवली काय गो, वयनी?"

"ठेवली म्हनू की नेली म्हनू, मना समजत नाय." तिनं घडलं ते सगळं सांगितलं.

"तोडली काय त्यानं?" नाथानं विचारलं.

"नाय वो. उवा बघत होता."

नाथा खाकरला. "पन माकड रावनाच्या गावातलंच ना? चुकीच्या गावात नाय ना ठेवलीस?"

सीताबाईनं खिडकीतून मागं बघितलं. खांब दिसेनासे झाले होते. झाडांच्या वर ती पांढरी रास मात्र अजून दिसत होती.

"कोनाचं गाव ते नाय समजलं, भावजी," ती म्हणाली. "पन लांबून आपल्या मिठागरावानी दिसतंय."