पत्र्याखालचा पर्जन्यमापक

आमच्या कंपनीत पाऊस पडला की नाही हे आभाळ ठरवत नाही. शेखर साहेब ठरवतात.

पाऊस लागला की माणसं चहाच्या सुट्टीत भजी खायला कुरुळी फाट्यावर पळायची आणि इकडे लाइन थांबायची. म्हणून साहेबांनी भजीवाल्या कस्तुरामावशीला गेटच्या आत, गाड्यांच्या शेडमध्ये स्टोव्ह मांडू दिला. पण फक्त पावसाच्या दिवशी. आणि पाऊस कशाला म्हणायचं? त्यासाठी गेटजवळ पर्जन्यमापक बसवला. काचेचं नळकांडं, त्यावर लाल रेघ. पाणी रेघेवर गेलं तर भजी. नाहीतर मावशी, घरी जा.

मावशी लातूरकडची. नवरा गेल्यापासून घर त्या कढईवर चाललेलं. आणि जुलै निघाला कोरडा. साहेबांनी सांगून टाकलं, महिन्याचा पाऊस असाच राहिला तर परवानगी बंद. चिंचवडच्या ऑफिसात एसीत बसून पावसाला टार्गेट देणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

मग धम्मपाल वेल्डरने गुपचूप नळकांड्यात पेलाभर पाणी ओतायला सुरुवात केली. वॉचमन किसननेही केली. पेंटशॉपवाल्यांनीही. कुणी कुणाला सांगितलं नाही. महिनाअखेर मापात कुरुळीने कोकणाला मागे टाकलं, आणि रस्त्यावर धूळ उडत होती.

साहेब गमबूट घालून पूर बघायला आले. कडक ऊन पडलेलं.

"पाणी कुठंय?"

"ओसरलं, साहेब," मावशी म्हणाली. "भजी घ्या."

घेतली नाहीत. उलट पर्जन्यमापकाला जाळीचा पिंजरा केला, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि वरून कुणी पाणी ओतू नये म्हणून पिंजऱ्यावर पत्रा ठोकला. धम्मपाल काही सांगायला गेला, तर टेक्निकल गोष्टीत नाक खुपसू नको म्हणाले. मग नाही खुपसलं.

ऑगस्टमध्ये पावसाने नुसता धिंगाणा घातला. फाट्यावर तळं, शेडमध्ये चिखल, शिफ्टची बस अडकलेली. नळकांडं मात्र ठणठणीत कोरडं. मावशी रोज डब्यात पीठ घेऊन यायची, जाळीतून बघायची आणि भिजत परत जायची. महिना असाच संपला की परवानगी गेलीच.

एका सकाळी साहेबांची गाडी फाट्यावरच्या पाण्यात बंद पडली. साहेब चालत आले, ओलेचिंब, दात वाजत होते. म्हणाले, मावशी, दोन प्लेट गरम भजी लावा.

मावशीने पिंजऱ्याकडे बोट केलं.

"मापात पाऊस नाही, साहेब."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही पिंजऱ्याकडे बघितलं. पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता.

शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. एका पायावर उभं राहून बूट काढला आणि नळकांड्यात ओतला.

मावशीने वाकून रेघ नीट बघितली. मगच स्टोव्ह पेटवला.