उजवी पावडी

कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या हुरियतने काल रात्री आणून दिलेला घोट्याचा पट्टा सालोमतने अजून खोक्यातून बाहेरही काढला नव्हता. खोकं खिडकीत, वाळत घातलेल्या जर्दाळूंशेजारी पडून होतं.

"घालून तरी बघ. चावणार आहे का तो?" सासू म्हणाली. ती अंगणातल्या बाजेवर बसून पुलावासाठी गाजरं चिरत होती.

"हुरियतने आणलाय, ओयी," सालोमत म्हणाली. सासूला ती ओयी, म्हणजे आई, म्हणे. "हुरियतने आजवर कुणाला साधा चहा तरी पाजलाय?"

"मला पाजला होता."

"कधी?"

"तिला आपल्या झाडाची अंजिरं हवी होती तेव्हा."

"बघा! मग?"

"मग काय? चहा चांगला होता."

सालोमतचा पाय मुरगळला तो कारखान्यासमोरच्या पाटावर. पाट ओलांडायला टाकलेली फळी कलली, उजवं पाऊल आत वळलं आणि ती सरळ पाण्यात बसली. मागून हुरियत येत होती. ती आधी हसली आणि मग धावली. हा क्रम सालोमत विसरली नव्हती. हाड शाबूत आहे, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध ताणला गेलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. सूज उतरली की आधाराचा पट्टा बांधून कामाला जा, पण पट्टा नीट बघून घ्या, असंही म्हणाले होते.

सूज आता उतरली होती. कारखान्यातला विणायचा माग अजून आपला आहे की नाही, ही शंका मात्र रोज थोडी थोडी वाढत होती.

मार्गिलानच्या त्या कारखान्यात रेशमाचा एक ताणा, म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे, एकाच बाईने संपवायचा, असा नियम होता. ताण्याचे धागे आधीच रंगवून येत आणि नक्षी त्या धाग्यांतच असे. विणणारीने आडवा धागा, म्हणजे बाणा, किती घट्ट ठोकायचा, एवढंच तिच्या हाती. पण दोघींचे हात कधी सारखे पडत नाहीत, आणि मध्येच हात बदलला की कापडावर ते दिसतं. म्हणून ताणा अर्धवट सोडणारीचा माग कारखान्याचे मालक, उस्ता सोबिर, काढून घेत. आणि दुसरीच्या ताण्याला चोरून हात लावणारीला माग कधीच मिळत नसे. सालोमतचा ताणा अर्ध्यावर होता. हुरियतला तर अजून मागच नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती नुसत्या विणणाऱ्यांच्या धोट्यांसाठी कांड्यांवर धागा भरत होती.

सालोमतने शेवटी खोकं उघडलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या फळ्या होत्या.

"हा पायाला बांधायचा की खांबाला?" ती म्हणाली. "यात पाऊल खाली जाणारच नाही. मागाची पावडी दाबता आली नाही म्हणजे माग गेला. आता कळलं कशाला आणलाय ते!"

"मग जा आणि बदलून आण. नाहीतर संध्याकाळपर्यंत माझं डोकं खाशील."

खोक्यावर बाजारातल्या औषधाच्या दुकानाचं नाव होतं. दुकानदारीण पोक्त होती आणि तिला घाई नव्हती. तिने सालोमतला स्टुलावर बसवलं आणि कडक पट्ट्याशेजारी मोज्यासारखा चढवायचा एक मऊ पट्टा आणून ठेवला.

"तो वजनाचा काटा जरा इकडे सरकवा," सालोमत म्हणाली.

"घोट्याचं वजन करायचंय?"

"दाबून बघायचंय. मी विणते. दिवसभर पायाने पावडी दाबत असते."

मऊ पट्टा घालून तिने काटा दाबला. पाऊल छान खाली गेलं, पण उचलताना किंचित आत कललं आणि बाहेरच्या बाजूने कळ आली. मग तिने नाराजीनेच कडक पट्टा बांधला. तळवा सपाट होईपर्यंत पाऊल वर-खाली सहज होत होतं. तिने मुद्दाम ते आत वळवून पाहिलं. वळेना. कळही नाही. तिला हे आवडलं नाही. एकदा ठरवलेलं मत बदलायला लागलं की तिला नेहमीच चिडचिड होई.

"दुखतं कुठे?" दुकानदारणीने विचारलं.

"तळवा सपाट होईपर्यंत नाही. चवडा टाचेच्या खाली न्यायला गेलं की पट्टा अडतो आणि दुखतं."

"मग तिथवर नेऊ नका."

"पावडी तिथवर जाते, बाई. तिला कोण सांगणार? दुसरा कुठला तरी दाखवा. हा परत घ्या."

दुकानदारीण पट्टा उजेडात धरून उलटसुलट करू लागली. "हा परत नाही घेता येणार. वापरलाय कुणीतरी. हे बघा."

वेल्क्रोच्या काट्यांत रेशमाचे धागे अडकले होते. सालोमतने त्यातला एक नखाने सोडवला. एकच धागा, पण आधी पिवळा, पुढे डाळिंबी, मग काळा. असा धागा बाजारात विकत मिळत नाही. हा तिच्या ताण्याचा होता.

म्हणजे हुरियत तिच्या मागावर बसली होती.

सालोमतने पट्टा पिशवीत कोंबला आणि काठी टेकत लंगडतच कारखाना गाठला. पाटावरची फळी तिने आधी काठीने दाबून पाहिली. जेवणाची सुट्टी होती आणि सगळ्या बायका तुतीखाली चहाला बसल्या होत्या. ती मागच्या दाराने आत शिरली.

घरी जाण्याआधी तिने कापडाच्या कडेला निळा धागा बांधून खूण केली होती. खुणेच्या पुढे चार बोटं नवं कापड विणलेलं होतं. तिचे कान तापले. आता उस्तांना हाक मारायची आणि ही चार बोटं दाखवायची. हुरियतला मग जन्मभर कांड्याच.

हाक मारण्याआधी तिने कडेवरून बोट फिरवलं, सवयीने. बोट अडखळलं. एकाआड एक ओळीत कडेचे धागे सुटले होते. डाव्या पावडीच्या ओळी स्वच्छ होत्या आणि उजवीच्या फसलेल्या. विणणारीचा उजवा पाय पुरता खाली जातच नव्हता. तीन बोटं असंच होतं. शेवटचं बोटभर मात्र दोन्ही ओळी स्वच्छ.

सालोमत वाकली. उजव्या पावडीची दोरी वर ओढून नवी गाठ मारली होती. पावडी पहिल्यापेक्षा उंच लटकत होती. हुरियतला सगळे बगळा म्हणत, इतके तिचे पाय लांब. स्वतःसाठी तिने दोरी सैल केली असती, आखडली नसती.

सालोमतने पट्टा बांधला, बाकावर बसली आणि उजवी पावडी दाबली. तळवा सपाट झाला तिथेच पावडी पुरती दाबली गेली. ताणा पूर्ण उघडला. दुखलं नाही.

"आपा! तुम्ही तर उद्या येणार होता ना?" दारात हुरियत उभी होती.

"उद्या आले असते तर काय सापडलं असतं?"

"काही नाही. काल सगळ्या गेल्यावर विणलं, उसवायला वेळ उरला नाही. आज संध्याकाळी उसवणार होते मी."

"माझ्यासाठी घेतलेला पट्टा घालून माझ्याच मागावर बसलीस?"

"मग काय करू? दुकानातली म्हणाली, हाच चांगला. तिला पावडी माहितीये का? पाय खालपर्यंत जाईना, म्हणून दोरी वर घेतली. मग जमलं."

"एवढं प्रेम कधीपासून उतू चाललंय?"

"प्रेम कसलं डोंबलाचं! हा ताणा पुरा झाला की पुढचा माझा, असा शब्द दिलाय उस्तांनी. तुम्ही घरी बसलात तर हा माग त्यांच्या भाचीला जाणार. आणि मी? कांड्या!"

हे कारण सालोमतला पटलं. माया म्हणून केलं असं हुरियत म्हणाली असती, तर तिने तिथल्या तिथे उस्तांना हाक मारली असती.

हाक मारायची गरजही पडली नाही. उस्ता सोबिर हात पुसत आत आले. हुरियत झटकन चाकापाशी जाऊन कांडी भरू लागली. उस्तांनी नेहमीप्रमाणे कडेवरून अंगठा फिरवला आणि तो थांबला.

"एकाआड एक ओळ सुटलीये. कुणाचा हात आहे हा?"

हुरियतचं चाक थांबलं.

"हात माझाच," सालोमत म्हणाली आणि तिने पट्टा बांधलेला पाय पुढे केला. "पाय नवा आहे. सवय व्हायला तीन बोटं गेली."

"आणि विणलंस कधी? जेवणाच्या सुट्टीत?"

"घरी सासूबाई गाजरं चिरताहेत, उस्ता. त्यापेक्षा इथे बरं."

उस्तांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग दोरीच्या गाठीकडे, आणि मग बराच वेळ हुरियतच्या पाठीकडे.

"कड शिवणीत जाईल," ते म्हणाले. "यापुढे सुटली तर उसवायला लावीन. आणि तुझं चाक कशाला थांबलंय गं?"

चाक पुन्हा फिरू लागलं. सालोमतने धोटा उचलला आणि उजवी पावडी दाबली.

संध्याकाळी निघताना तिने कापडाच्या कडेला नवा निळा धागा बांधला. हुरियत बघत होती, म्हणून सालोमत गाठीवर ओणवी झाली आणि ओढणीच्या आडोशाने आणखी एक गाठ मारली, फक्त स्वतःलाच ओळखू येईल अशी.