आभाळ पाहणारी धामण

बाजारहत्नूरच्या शकुबाईच्या दोडक्याच्या मळ्यात त्या सकाळी दोडक्यांपेक्षा माणसंच जास्त झाली होती. निळ्या ड्रममधली एक धामण मान ताठ वर करून सारखी आभाळाकडे पाहत होती.

"देवाशी बोलून राह्यली!" धोंडीबा ओरडला. परवापर्यंत तो शेजारच्या शेतातला कापूसवाला होता. कालपासून कपाळभर कुंकू फासून महाराज झाला होता. "सर्पलोकातून निरोप येऊन राह्यला. गुडघेदुखी, नोकरी, लग्न, सगळं जमते!" सर्पलोक पाताळात आणि धामण पाहते वर, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शकुबाईचा जीव तिकडं कासावीस. मळ्याच्या जाळीत अडकून अर्धमेली झालेली ही धामण तिनंच विळ्यानं एकेक धागा कापून सोडवली होती. जखम भरेपर्यंत ठेवायला धोंडीबानं ड्रम दिला. पण चार दिवस झाले, बयेनं उंदराला तोंड लावलं नाही. जीभसुद्धा बाहेर काढेना.

"अव माय, देवाशी बोलू दे, पण काही खाल्लं पायजे ना हिनं!"

"देवाच्या भक्ताला भूक नसते, शकुबाई."

शेवटी तिनं उटनूरच्या जनावरांच्या डॉक्टर नीलिमाला फोन करून बोलावलंच. नीलिमानं धामण अलगद बाहेर काढून उताणी ठेवली. धडधाकट साप क्षणात पालथा होतो. ही पोट वर करून तशीच पडून राहिली.

"समाधी लागली!" धोंडीबा.

"आजार आहे," नीलिमा म्हणाली. "मेंदूला इजा झाली की सापाची मान अशी वर वळते. फार कुणाला माहीत नसतं." तिनं ड्रमात नाक घातलं आणि झटकन मागं घेतलं. "यात आधी काय होतं?"

धोंडीबानं घाईनं ड्रमात पाणी ओतून घुसळलं, तांब्या भरला. "सर्पतीर्थ! रांगेत या!" पहिला तांब्या रांगेत सगळ्यांत पुढं उभ्या असलेल्या चंदाच्या कडेवरच्या लेकराकडे निघाला.

शकुबाईनं त्याचं मनगट धरलं. "थांबा जी. आधी तुमी प्या."

"माहा उपास हाये. निर्जळी."

"मंग सकाळी माह्या ओट्यावर दोन कप चहा कोणं पेला?"

लोक खो खो हसले. शकुबाईनं तांब्या त्याच्या ओठांना लावला, तसा महाराज किंचाळला, "मरन ना मी! कापसावर फवाराचं औषध होतं त्याच्यात!"

हसू जागीच थिजलं. चंदानं लेकराला छातीशी आवळलं.

"ड्रम कितीही धुवा, विष राहतंच," नीलिमा म्हणाली. "ते कातडीतून, श्वासातून हिच्या अंगात गेलं. निरोप म्हणता तो हाच."

वनखात्याला कळवून नीलिमानं धामण धुतली, औषध दिलं, नव्या रांजणात ठेवली. शकुबाई दिवसातून दहादा डोकावायची. सतराव्या दिवशी मान खाली आली, जीभ लवलवली आणि उंदीर गट्टम झाला. शकुबाई चक्क रडली.

धामण सोडायला सारं गाव जमलं. धोंडीबाही आला, कपाळ स्वच्छ धुऊन. "देव गेला का हो हिच्यातून?" कुणीतरी हळहळलं.

"दुखणं गेलं," शकुबाई म्हणाली. "मुकं जनावर वेडंवाकडं वागलं तं नारळ नका आणू लेकहो, डॉक्टर आणा. काऊन असं झालं, ते विचारा. अन् कोणी तीर्थ देऊन राह्यला, तं पयला घोट त्यालेच पाजा."

धामण सरसर धोंडीबाच्या फवारलेल्या कापसाकडे वळली. शकुबाईनं टोपली आडवी धरून तिला आपल्या दोडक्यांत वळवलं.