लोखंड न घालता

आईचं आयुष्य एका वाक्यात सांगायचं तर असं: जे काम ऱ्होडियम करतं, ते लोखंडही करतं. ऱ्होडियम म्हणजे सोन्यासारखा भाव खाणारा धातू. औषधाच्या रेणूला हायड्रोजन जोडायला तोच लागतो. जोडणीही नेमकी हवी, कारण हे रेणू हातमोज्यांसारखे डावे-उजवे असतात. डावा औषध, उजवा कचरा. आईने लोखंडाच्या गळ्यात एक खास रेणू बांधून फक्त डावाच मिळवून दाखवला. त्यावर तिला मान मिळाला, मला डॉक्टरेट मिळाली, आणि उद्या औषध कंपनीचे लोक करारावर सह्या करायला येणार होते.

म्हणून मी आईच्या प्रयोगशाळेत नव्या, मोठ्या भांड्यात रंगीत तालीम लावली. दाबाचा काटा जागचा हलेना. हायड्रोजन वापरलाच जात नव्हता.

"गॅस उघडलास ना गं?" आईने विचारलं.

"मी काय काल जन्मले?" मी फणकारले.

तिने स्वतः लावून पाहिलं. काटा ढिम्म. "नव्या नवरीचे नखरे आहेत हे," ती म्हणाली. "माझ्या जुन्या भांड्यात लाव." तिथे मात्र काटा झरझर उतरला. "बघ! जुनं ते सोनं."

मला हसू येईना. दोन्ही भांडी आतून काचेची, मालमसाला तोच. नव्यात ढवळायला वरून पंखा होता. जुन्यात तळाशी आईची चुंबकाची कांडी फिरायची. ती तिच्या ऱ्होडियमच्या दिवसांपासूनची, पांढरं आवरण काळवंडून तडकलेलं. बाबा म्हणायचे, "ही माझ्या आधी तिच्या आयुष्यात आली आणि माझ्याहून लाडकी आहे."

"आई, एकदा लोखंड न घालता लावू?"

"ती चाचणी मी केव्हाच केलीय. काही होत नाही."

"तेव्हा कांडी कुठली घातली होतीस?"

"कोरी. जुनीला लोखंडाचा कण चिकटलेला असला तर? मी काय कच्च्या गुरूची चेली..."

ती मध्येच थांबली. तिची नजर जुन्या कांडीकडे गेली.

मी जुनी कांडी घातली, तो खास रेणू घातला, लोखंड घातलं नाही. आम्ही दोघी काट्यावर डोळे लावून उभ्या राहिलो. काटा उतरायला लागला. आत लोखंड घातलेलं नव्हतं आणि तो उतरतच होता. नंतर रेणू तपासला. डावाच.

लोखंडाने होत असतं तर नव्या भांड्यातही झालं असतं. ऱ्होडियम कांडीच्या तड्यांमध्ये मुरून बसलं होतं आणि आईचा खास रेणू त्याच्याच गळ्यात पडत होता. इतकी वर्षं कष्ट त्याचे होते आणि नाव लोखंडाचं.

"सगळंच गेलं?" आई स्टुलावर बसत म्हणाली.

"माझा प्रबंधसुद्धा," मी ओरडले. मला तिचा भयंकर राग आला होता. चाचणीसाठी कोरी कांडी घेण्याएवढी काळजी जगात कुणी घेतली नसेल, आणि तीच नडावी? मग माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या जुन्या भांड्यातच दाखवू. सह्या होऊन जाऊ देत. पुढचं पुढे."

आई माझ्याकडे बघत राहिली. घरात शिरलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं, तशी. मग उठली आणि तिने कंपनीला फोन लावला.

"उद्या येऊ नका. लोखंड काहीच करत नाही. चूक माझी आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझ्या मुलीने पकडली," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "हो. फोनही तिनेच करायला लावला."