मागच्या सतरंजीचा हशा

भिलाईच्या विमलाबाईंच्या पत्राला बाबाराव रामटेक्यांनी कधी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा फोन घरोघर पोचले नव्हते. आता विमलाबाईंची नातवंडं फोन हातात घेऊनच जेवत होती, तरी उत्तर राहिलेलंच. मागणी तशी साधी होती. "आमच्या यांचे कान तापात गेले. जयंतीच्या मंडपात तुमी नकला करता, सारे हसतात अन् हे माह्या तोंडाकडे पाहत बसतात. डोळे चांगले हायेत यांचे. तुमी थे सारं कागदावर लिहून काहून देत नाही?"

बाबाराव तेव्हा रायपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि तिथपासून गोंदियापर्यंतच्या मराठी वस्त्यांना ठाऊक असलेले नकलाकार. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस मंडपात उभा राहिला की सासू व्हायचा, साहेब व्हायचा, पाहुणा व्हायचा. पुढच्या खुर्च्यांकडे ते बघतच नसत. "खुर्चीवाला मानासाठी हसते," ते म्हणत. "सतरंजीवाला हसू आल्याबिगर हसत नाही." सगळ्यात मागच्या सतरंजीवर बाया लेकरं मांडीवर झोपवून बसलेल्या असत. तिथून हशा आला की नक्कल पास.

पण कागदाला कुठली आली सतरंजी? आपल्या नकला म्हणजे गरम भजी, डब्यात भरून पाठवल्या की मऊ पडणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढं कुणाच्या लग्नात विमलाबाई आणि त्यांचे यजमान नत्थूजी दिसले की बाबाराव जेवणाच्या रांगेतून हळूच हात धुवायला सटकत. न जेवताच.

निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. नत्थूजींना ऐकू येत नव्हतं, आता बाबारावांना ऐकवता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये कागदच तेवढा शिल्लक होता. बाबारावांनी पुस्तक लिहायला घेतलं.

आयुष्यभर पुस्तकं वाचलेला माणूस. पुस्तकाची भाषा इस्त्री केलेली हवी, ही त्यांची पक्की समजूत. ज्या पाहुण्याच्या नकलेवर अख्खा मंडप लोळायचा, तो पाहुणा पुस्तकात असा शिरला: 'अतिथी महोदयांनी प्रस्थानाचा मानस पुनश्च प्रकट केला.'

समाजानं स्वागत मात्र जोरदार केलं. लोकांनी पुस्तकाला खाकी कव्हरं घातली, काचेच्या कपाटात उभं केलं. मंडळाचे अध्यक्ष बुद्धभूषण म्हणाले, "बाबारावजी, छपाई एकदम क्लास!" बाबाराव हुरळले. विमलाबाईंसाठी एक प्रत बांधून ठेवली. सुतळीला गाठ मारता मारता त्यांनी पुस्तक घेऊन बसलेल्या बायकोकडे, शारदाबाईंकडे पाहिलं.

"वाचत नाही का तू?"

"वाचून राहिली ना."

"मग हसत काहून नाही?"

"हसायचं होतं काय?" शारदाबाईंनी चष्मा काढला. "मले वाटलं कोणी मेलं."

बाबारावांनी गाठ सोडली.

नात पिंकी कॉलेजात होती. मराठी सगळी कळायची, उत्तर हिंदीत यायचं. तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, "आजोबा, ये आप नहीं हो. ये तो कोई मुख्य अतिथी है."

ती हसली आणि बाबारावांच्या डोक्यात उजेड पडला. आपणच आपल्या पुस्तकाच्या पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो होतो! त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, जसं मंडपात बोलायचे तसं. मंडपात जिथं थांबून पाण्याचा घोट घेत, तिथं कागदावर परिच्छेद तोडला. लिहिलेलं शारदाबाईंच्या हाती देऊन ते दाराआड उभे राहत. आतून आवाज आला नाही तर पान फाडत. बरीच पानं फाटली. एके दिवशी आतून शारदाबाईंचा ठसका ऐकू आला आणि पाठोपाठ, "आग लागो या पाव्हण्याले!" ते पान राहिलं.

दुसऱ्या पुस्तकाचं प्रकाशन समता कॉलनीतल्या एका लहानशा सभागृहात ठरलं. पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, नेहमीसारखं. नकला वाचायला नागपूरहून स्वानंद नावाचा नाटकातला नट येणार होता. माणसं जमली, पण स्वानंदची गाडी वाटेतच अडकली. बुद्धभूषणांनी वेळ काढायला भाषण केलं, मग आणखी एक केलं. लोक चुळबुळू लागले.

"बाबाराव, तुमीच बोला ना!" ऑपरेशनचं ठाऊक नसलेला कुणीतरी ओरडला.

ते उठले. माइक तोंडाशी धरला. माइकमधून नुसती हवा आली.

"आवाज नही आ रहा, भैया!"

बाबारावांनी दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं लग्नांतून सटकले, आता इथून कुठं सटकणार? तेवढ्यात पिंकीनं पुस्तकांचा खोका उघडला आणि माइक घेतला. "सब लोग खुद पढ़ लो ना. दो-दो में एक किताब. पाहुणे वाली कहानी."

पुस्तकं हातोहात मागं गेली. सभागृह चिडीचूप झालं. बाबारावांनी अशी शांतता मंडपात एकदाच ऐकली होती, बल्ब फुटला तेव्हा. आता काही कागदाच्या हातून होत नाही, असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.

आणि मागच्या सतरंजीवरून आवाज आला. फुस्स! एक बाई, मांडीवर झोपलेलं लेकरू, तोंडावर पदर. मग खांबापाशी एक म्हातारा खो-खो सुटला. मग खिडकीशी दोघी. मंडपातला हशा एकदम उठायचा आणि एकदम बसायचा. हा तसा नव्हता. ज्याचं हसू त्याच्या वेगानं, इथून, तिथून, विझतोय म्हणेपर्यंत पुन्हा पेटत.

"पाव्हणा रोज म्हणे, उद्या निघतो बुवा," एक जण मोठ्यानं वाचू लागला. "खोटं नाही बोले. फक्त कोणता उद्या, थे नाही सांगे!"

"अबे, पुढचं नको सांगू! मले पोचू दे तिथवर!"

"तू अजून पहिल्याच पानावर काय, बे? तूच पाव्हणा दिसतो!"

बाबाराव उभेच राहिले. त्यांच्या तोंडून शब्द गेला नव्हता, कुणाच्या कानावर पडला नव्हता, आणि मागची सतरंजी लोळत होती.

धापा टाकत स्वानंद आला, व्यासपीठावर चढून त्यानं घसा साफ केला. मागून कुणी ओरडलं, "बैठ जाओ भैया, हम लोग पढ़ रहे हैं!"

वाचून झाल्यावर पुस्तकं परत द्यायची होती. एकही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबारावांनी प्रत बांधली. आत चिठ्ठी ठेवली: 'विमलाबाई, उत्तराला फार उशीर झाला. नत्थूजींना पाहुण्याची गोष्ट वाचायला द्या आणि या वेळी तुम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत बसा.' सुतळीची गाठ घट्ट मारली, आणखी एक मारली.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "क्या है इसमें, दादाजी?"

"किताब."

"किसकी?"

बाबाराव काहीतरी कुजबुजले.

"जोर से बोलिए!"

त्यांनी घसा ताणला, सगळा श्वास गोळा केला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल अशी कुजबूज सोडली. "मेरी!"

मुलीनं शिक्का मारला आणि पार्सल भिलाईच्या थैलीत टाकलं.