सिरिंजचे सोवळे

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी काचेची सिरिंज आहे, पण आता माझ्या तोंडाला सुई नाही, आणि असती तरी मी उगाच कुणाला टोचले नसते. देवासच्या एका घरात, फडताळाच्या वरच्या फळीवर, निकेलच्या डबीत मी पडून असते. मला पाहिले की मुले पळ काढतात, हे मला ठाऊक आहे. आज मात्र थोडा वेळ माझ्याजवळ बसा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी नळी आणि तिच्यात सरकणारा दट्ट्या एकमेकांवर घासून असे जुळवले की मधून वारासुद्धा जाऊ नये. मग दोघांवर एकच आकडा कोरला, म्हणजे दुसरीचा दट्ट्या कुणी माझ्यात घालू नये. भुशात गुरफटून मी मुंबईला उतरले, तिथून इंदूरच्या औषधांच्या दुकानात आले आणि एके दिवशी प्रतापराव नावाच्या उंच, पण खांदे पडलेल्या माणसाच्या खिशात बसून देवासला पोचले.

प्रतापराव देवासला संस्थानच्या पागेत घोडे शिकवत. एकदा एक घोडी उधळली आणि ते खोगिरावर असे आपटले की जांघेत मोठी दुखापत होऊन ऑपरेशन करावे लागले. जखम भरली, पण माणूस काही भरून आला नाही. मित्रांनो, पुरुषाच्या शरीरात एक रस तयार होत असतो. हाडांचे बळ, दाढीमिशा, कामाचा हुरूप, हे पुष्कळसे त्याच्यावर चालते. प्रतापरावांच्या शरीरात तो रस तयार होणेच थांबले. भर थंडीत त्यांना घाम फुटे. लाडक्या लेकीने, विनोदिनीने, गोष्ट मागितली तरी ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यातच संस्थान विलीन झाले, पागा मोडली आणि त्यांना शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी मिळाली. नोकरी मिळाली खरी, पण मुलांपुढे उभे राहायला दम कुठून आणायचा?

डॉक्टर गोपाळराव त्यांना म्हणाले, "शरीर जो रस बनवत नाही, तो आपण बाहेरून देऊ. तेलातली सुई असते. पण दर दोन-तीन दिवसांनी घ्यावी लागेल, आणि जन्मभर."

दवाखान्यात इतके हेलपाटे कोण घालणार? तेव्हा प्रतापरावांची बायको सरला पदर खोचून म्हणाली, "मला शिकवा, मी देईन."

ती कच्च्या पपईवर शिकली. घरात इतक्या पपया भोसकल्या गेल्या की सकाळ-संध्याकाळ पपईचीच भाजी. शेवटी प्रतापराव हात जोडून म्हणाले, "बाई गं, आता मलाच टोच. पण ही भाजी बस कर."

आमच्या तिघांच्या त्या सकाळी मला अजून आठवतात. सरला पातेल्याच्या तळाशी फडके घाली, म्हणजे मी तडकू नये, आणि मला उकळायला ठेवी. हे चाले अंगणातल्या शेगडीवर, कारण चुलीवर अक्कांचे राज्य होते. अक्का म्हणजे प्रतापरावांची थोरली विधवा बहीण. धारला सासरी दिवस काढून त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. सोवळे असे कडक की मांजरसुद्धा त्यांच्या स्वयंपाकघराला वळसा घालून जाई. "ती विलायती काच माझ्या चुलीवर नको," असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. पण भावावर त्यांचा जीव होता. हळूहळू प्रतापरावांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचू लागला, तेव्हा अक्कांनी गुपचूप माझ्या डबीला गंध लावून फूल वाहिले. मी तर हुरळूनच गेले.

काही वर्षे अशी सुखात गेली. मग गोपाळराव एक दिवस म्हणाले, "नवी सुई आलीय. हिचं तेल अंगात सावकाश उतरतं. तीन आठवड्यांतून एकदा घेतली की काम झालं."

घरात आनंदीआनंद झाला. खरे सांगते, मला तेवढा झाला नाही. कालपर्यंत माझ्यावाचून ज्यांचे पान हलत नव्हते, ते आता मला आठवडेच्या आठवडे डबीत ठेवणार होते.

आणि प्रतापरावांनाही ती सुई चटकन मानवली नाही. सुई घेतली की पहिले काही दिवस ते शीळ घालत सायकलवर टांग मारत. तिसरा आठवडा लागला की पुन्हा खांदे पडत, आणि चहा गार झाला एवढ्यावरून ते सरलावर खेकसत. रोज तांब्याभर पाणी मिळणाऱ्या रोपाला एकदम पाट सोडावा आणि मग कोरडे ठेवावे, तसे चालले होते. "जुनी सुईच बरी होती भिया," असे ते शेजाऱ्यांना सांगत. सरला मात्र म्हणे, "अहो, जरा दम धरा. शरीराला नवी चाल शिकायला वेळ लागतोच. तुमच्या घोड्यांना नव्हता का लागत?"

अशा डळमळीत दिवसांत दूधवाली गेंदाबाई अक्कांच्या कानाशी लागली. "अक्काजी, म्हारो घरवालो केतो थो, या नवी सुई की दवई तो सांड मे से निकाले हे!"

अक्कांच्या हातातली चरवी निसटायचीच बाकी राहिली. सांड म्हणजे महादेवाचा नंदी! त्याचा रस आपल्या भावाच्या अंगात? विचारावे तर कुणाला? सरलाला सांगितले तर ती हसेल, आणि प्रतापला सांगितले तर तो औषधच सोडील. त्या बिचाऱ्या मनातल्या मनात कुढत राहिल्या.

पुढच्या सुईच्या सकाळी सरलाने मला उकळून स्वच्छ ताटलीत ठेवले आणि ती हात धुवायला गेली. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांच्या हातात गडू होता. खलघाटहून आणलेले नर्मदेचे पाणी त्यांनी देवघरात जपून ठेवले होते. तुळशीच्या पानाने त्यांनी ते माझ्यावर शिंपडले, डोळे मिटून म्हणाल्या, "मैया, माझ्या प्रतापला सांभाळ," आणि आल्या पावली निघून गेल्या. कितीतरी दिवस गडूत साठलेले ते पाणी माझ्या सुईवर आणि नळीत उतरले. मला ओरडावेसे वाटले. पण मित्रांनो, मी पडले काच!

दोन-तीन दिवसांत प्रतापरावांच्या कमरेखाली मोठे गळू आले. ताप चढला. गोपाळरावांना चीर देऊन पू काढावा लागला. "उकळल्यानंतर सिरिंजला काहीतरी लागलं असणार," ते म्हणाले. सरलाचा चेहरा उतरला.

प्रतापराव बरे झाले, पण हट्टाला पेटले. "आता कुठलीच सुई नक्को. नवी नको, जुनीही नको. जे व्हायचं ते होईल."

आणि व्हायचे तेच झाले. मैदानावर मुले कवायत करत आणि मास्तर झाडाखाली स्टुलावर बसून राहत. मग एके दिवशी ते म्हणाले, "राजीनामा देतो. मुलांना फसवण्यापेक्षा ते बरं." त्या दिवशी सरलाने मला फळीच्या अगदी मागे सारले आणि तिथेच उभी राहून ती रडू लागली. मला तिचा फार लळा होता. तो हुंदका ऐकून माझी काच तडकली नाही, याचेच मला नवल वाटते.

अक्कांनी तिला पाहिले. "काय झालं गं?"

"माझ्याच हातून झालं, अक्का. कुठेतरी धूळ नाहीतर पाणी लागलं असेल. यांना मीच आजारी पाडलं."

"पाणी?" अक्का थबकल्या. "पाण्यानं होतं असं?"

"न उकळलेलं असेल तर होतं."

अक्कांनी खांबाला धरले. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारले, "नर्मदेचंसुद्धा?"

सरला रडायची थांबली. अक्का तिथेच खाली बसल्या आणि गेंदाबाईचे बोलणे, नंदी, गडू, तुळस, सगळे त्यांनी सांगून टाकले. "मी मनातलं बोलले नाही आणि बोल तुला लागला," असे म्हणून त्यांनी सरलाचे हात धरले. उभ्या आयुष्यात ही बाई कुणापुढे नमली नव्हती. सरलाने त्यांना पोटाशी घेतले. दाराशी उभ्या प्रतापरावांनी सगळे ऐकले होते. त्यांना रागवायचे होते, पण आधी हसूच फुटले. "अक्के, मैयाचा रस्ता खलघाटवरून आहे. तिला माझ्या कमरेतून कशाला नेलंस?"

दुसऱ्या दिवशी सगळेच गोपाळरावांकडे गेले. नंदीचे ऐकून डॉक्टर म्हणाले, "अक्का, हे औषध कारखान्यात बनतं. कुठल्या बैलाला कुणी हात लावत नाही." मग तिसऱ्या आठवड्यातल्या मरगळीचे ऐकून ते प्रतापरावांवर उखडले. "हे मला आधी नाही का सांगायचं? सुई थोडी लवकर आणि मात्रा थोडी कमी करू. औषध माणसाला बेतून द्यायचं असतं." प्रतापरावांनी शाळकरी मुलासारखे कान पकडले.

मला पुन्हा खाली काढले गेले, आणि या वेळी पातेले चढले ते थेट अक्कांच्या चुलीवर. मी उकळून निघाले तशा अक्का पाटावर बसून पहारा देऊ लागल्या. "शिवू नका रे कुणी! सिरिंज सोवळ्यात आहे!" गेंदाबाई दूध घेऊन आली तर तिलाही त्यांनी अंगणातच थोपवले. मग प्रतापरावांचा हात स्वतःच्या हातात घेऊन त्या सरलाला म्हणाल्या, "दे गं, देवाचं नाव घेऊन दे." काही आठवड्यांनी मैदानावरून आलेली प्रतापरावांची 'सावधान!' अशी ललकारी मी डबीत बसून ऐकली. राजीनाम्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

आता मी म्हातारी झाले आहे. माझा दट्ट्या घट्ट बसत नाही, म्हणून माझ्या जागी दुसरी आली. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी सुई घेत असेल, गोळी घेत असेल, तर त्यांना हसू नका. औषध बदलले की माणूस थोडे दिवस चिडका होतो, त्याला सांभाळून घ्या. आणि त्या औषधाची तुम्हाला भीती वाटली, शंका आली, काही चुकताना दिसले, तर ते मनात ठेवू नका. त्या सकाळी ताटलीत पडल्या पडल्या मी सगळे पाहत होते, आणि माझे माणूस आजारी पडले तरी मला एक शब्द बोलता आला नाही. काचेला तोंड नसते. तुम्हाला आहे.