फेसबाबांचं भस्म

कारखान्याच्या जेवणघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधल्या बाकावर फेसबाबा बसले होते, पुढ्यात जवाच्या बिअरचा पेला. त्यांनी चिमूटभर पांढरं भस्म आत सोडलं, तसा फेस उसळून बाकावर सांडला.

"पळालं! जवातलं विष पळालं! आता ही गंगाजळासारखी निर्मळ!"

माणसं आ वासून बघत राहिली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईच्या कपाळावरची आठी मात्र हलेना. तिच्या धाकट्या भावाला, इथल्याच फिटरला, सीलिअ‍ॅक नावाचा आजार होता. गहू, जव पोटात गेले की आतड्याचं अस्तर झिजायचं. आणि इथली रीत अशी, की निवृत्त होणाऱ्याबरोबर सगळ्यांनी एकाच पिंपातली बिअर प्यायची. नाही म्हणेल तो परका. आज फिटरचे उस्ताद निवृत्त होत होते.

"ताई, पाना धरायला त्यांनीच शिकवलं मला. आणि परवा भस्म टाकलेली बिअर घोटभर घेतली, पोट दुखलंसुद्धा नाही."

"वाळवी लागली म्हणून दार ओरडतं का रे? डॉक्टरांनी सांगितलंय, दुखो न दुखो, आत इजा होतेच."

तिने सोड्याची बाटली फोडून पेला भरला. "बाबा, यात ना गहू, ना जव. टाका भस्म."

"पाण्यावर शक्ती वाया घालवत नसतात, बाई."

"मग मी घालवते." तिने चिमूट उचलून टाकली. सोडा फसफसून काठावर आला. "यातलं कुठलं विष पळालं?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईने बाकावरची मिठाची वाटी ओढली, थोडं मीठ बिअरमध्ये टाकलं. तसाच फेस!

"भस्म कसलं, मीठच असणार. खरबरीत दाण्यांवर गॅसचे बुडबुडे धरतात आणि वर येतात. पळतो तो गॅस. आतडं झिजवणारं जवातलं प्रथिन, ग्लुटेन, पेल्यातच राहतं."

बाबा पुड्या गोळा करू लागले. उस्ताद फिटरकडे वळले. "गाढवा, माझ्या मानापायी आतडी झिजवणार होतास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटतंय!" त्यांनी पिंपाकडे पाठ केली आणि द्राक्षाच्या साध्या वाइनची बाटली मागवली. ताईने लेबल वाचून होकाराची मान हलवली, तेव्हा कुठे उस्तादांनी पहिला पेला फिटरला, दुसरा स्वतःला भरला.

असा आजार असेल त्याने जवाची, गव्हाची बिअर दूरच ठेवावी. वाइन, सफरचंदाची सायडर चालते, पण त्यातही वरून काय मिसळलंय ते वाचावं. आणि कोणी चमत्काराने पेला शुद्ध करून दिला, तर तो पेला त्यालाच परत द्यावा.